पांढरी चार

आमच्या घरातल्या प्रत्येक कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. कपाटात काय आहे, कुठल्या खणात आहे, कोणती वस्तू कोणाकडे गेली आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. मुलं हसतात, पण वस्तू हरवली की आधी त्या कागदाकडेच धावतात. ही सवय मला लग्नाआधीपासूनची. आजवर केलेल्या याद्यांपैकी एकच यादी मला परत हवी होती, फाडून टाकण्यासाठी. ती मात्र माझ्या हातात राहिली नव्हती. मीच ती पाकिटात घालून मुंबईला पाठवली होती.

माझं माहेर इंदापूरचं, सासर बारामतीचं. लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. घरात माणसं चार: मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हे आणि मी. मामंजी कालव्याच्या कचेरीत कारकून होते. कोणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी, हे त्यांना तोंडपाठ असायचं, त्यामुळे गावात त्यांना मान होता. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. हे पिंपळीची शेती बघत, सकाळी सायकलवर जात आणि दिवेलागणीला परत येत.

मामंजींना पेटीचा नाद होता. शिकलेले नव्हते. ऐकून ऐकून बोटं बसली होती, तेवढंच. रोज कचेरीतून आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन ते सोप्यात सतरंजीवर बसत आणि तासभर पेटी वाजवत. भजनं वाजवत, नाटकातली पदं वाजवत, पण जीव सगळा भूप रागात. त्यांची पट्टी काळी एक. या पट्टीत भूप वाजवायचा म्हणजे गंधाराला, म्हणजे 'ग'ला, पांढरी चार, चौथी पांढरी पट्टी, दाबावी लागते, आणि त्या पेटीची मधल्या सप्तकातली नेमकी पांढरी चार मुकी होती. आतल्या पितळी सुराची जीभ मोडलेली. पट्टी दाबली की नुसता वारा निघायचा, कोणी झोपेत सुस्कारा सोडावा तसा.

मला आत्याबाईंनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, मी चुलीत फाटी सारत होते.

"मामंजी पेटीवर बसलं की कान हिकडं ठिवायचा. ती पट्टी आली की आपुन गं म्हणायचं."

"म्हणजे?"

"म्हंजे गं. पेटी म्हनत न्हाय म्हनून आपुन म्हनायचं. तोंडात घास असला तर ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. तेवढ्यात बाहेर पेटी सुरू झाली. सा रे झाले, मग तो वारा निघाला, आणि आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी उलटता उलटता, मानसुद्धा न वळवता, म्हटलं, "गंऽ". अगदी सुरात. परसात बैलाला वैरण टाकणाऱ्या ह्यांनीही तिथून म्हटलं, "गंऽ". मामंजींचे हात थांबले नाहीत. पुढचे सूर आले, परत वारा निघाला, परत दोघांनी "गंऽ" म्हटलं.

मी पदराने तोंड दाबून हसले. मग आठवड्याभरात मीही म्हणायला लागले. माझ्या वहीत रोजच्या कामांची यादी असे: पाणी, दूध तापवणे, कंदिलाच्या काचा पुसणे. त्यात मी लिहून टाकलं, 'संध्याकाळी गं'. माझा सूर कच्चा होता, पण ते काम मी चुकवलं नाही. पेटी दुरुस्त का करत नाहीत, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण नव्या सुनेने प्रश्न विचारायचे नसतात, एवढं कळत होतं. एकदाच ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सवय झालीय." आणि सायकलला हवा भरायला गेले. तिथेच मी पुढे विचारायला हवं होतं.

माझा थोरला भाऊ मुंबईला एका पेढीत नोकरीला होता आणि रिकाम्या वेळात विनोदी गोष्टी लिहायचा. पहिल्या दिवाळीच्या सुमारास त्याचं पत्र आलं. मुंबईच्या रेडिओवर लहान विनोदी नाटुकली लागतात, त्यातलं एक लिहायला त्याला सांगितलं होतं. 'विषय सुचत नाही,' त्याने लिहिलं होतं, 'तुझ्या सासरच्या गमती कळव.'

मला गमती सांगता येत नाहीत, यादी करता येते. 'आमच्या घरातले आवाज, सकाळपासून' असं वर लिहून मी दोन पानं भरली. आत्याबाई कोंबड्याला शिव्या देतात तो आवाज. ह्यांच्या सायकलची साखळी. मामंजी दाढी करताना गावोगावच्या पाण्याच्या पाळ्या पुटपुटतात, कळसची अमुक, वरकुट्याची तमुक, ते. आणि सगळ्यात शेवटी, सविस्तर, पेटीतली मुकी पांढरी चार आणि अख्ख्या घराचं "गं". आत्याबाईंचं भाकरी उलटणंसुद्धा लिहिलं. पाकीट बंद करताना मी एकटीच हसत होते.

दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. अमुक दिवशी, संध्याकाळी साडेसातला, ऐका. मी ते पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्या भावाने लिहिलेलं रेडिओवर लागणार, म्हणून मिरवलेच म्हणा. काय लिहिलं आहे ते त्याने कळवलं नव्हतं. हौशी गवयाचं काहीतरी आहे एवढंच होतं. यादीचं मी कोणाला बोलले नाही. मला वाटलं, ऐन वेळी मजा येईल.

रेडिओ आमच्या ओळखीत एकच होता, गुळाच्या एका अडत्याकडे. दुकानाच्या माळवदावर दोन उंच बांबू, त्यांच्यामध्ये तार, आणि खाली टेबलावर लाकडी खोका. शेजारी मोटारीची असते तशी बॅटरी. ती उतरली की मोटारस्टँडवर नेऊन भरून आणायची. त्या संध्याकाळी तिथे तीस-चाळीस माणसं जमली होती. पुरुष पेढीवर, आम्ही बायका आतल्या दाराशी गोणपाटावर. शेठजींनी मुद्दाम मामंजींना पुढे बसवलं.

"या भाऊसाहेब. व्याह्यांच्या पोराचं नाटक हाय म्हनं. गवयाचं. म्हंजे तुमचंच की."

"आमचं कशाचं," मामंजी म्हणाले, पण त्यांना बरं वाटलं होतं.

खोका आधी नुसता खरखरला. मग बायकांच्या भांडणासारखा आवाज आला, मग एकदम स्वच्छ, खोलीतच कोणी बोलावं तसं नाटक सुरू झालं. एक गवई, त्याची बायको, मुलगा, आणि पेटी. पेटीची एक पट्टी मुकी. पहिल्याच प्रवेशात बायको म्हणते, "अहो, भाकरी करपतेय. ती उलटू का गंधार देऊ?" गवई म्हणतो, "भाकरी कोणीही उलटेल. गंधार कोण देणार?"

दुकान हसलं. मामंजीही हसले, मग हसता हसता त्यांची मान थोडी माझ्या बाजूला वळली. आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपलंच हाय की गं," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. उलट तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हायसं वाटलं.

आता नाटकातली मुख्य गंमत. माझ्या यादीत नसलेली एक गोष्ट भावाने पदरची घातली होती. गवयाला एक लग्नाची मुलगी. तिला बघायला पाहुणे आलेले. पाहुण्यांपुढे गवयाला पेटी वाजवायची हौस. तो वाजवतो, मुकी पट्टी येते आणि सगळं घर म्हणतं, "गंऽ". आत पोह्यांची ताटली घेऊन बसलेल्या मुलीला वाटतं, आईने हाक मारली. ती म्हणते, "आले गं, आई," आणि पोहे घेऊन बाहेर येते. पाहुणे पोहे घेतात. परत "गंऽ". परत "आले गं, आई". परत पोहे. पाहुण्यांचा बाप चौथ्या ताटलीला म्हणतो, "मुलगी पसंत आहे, पण पोहे आवरा."

माणसं गुळाच्या ढेपांवर हात आपटून हसत होती. कोणीतरी मामंजींच्या पाठीवर थाप मारली. मीही हसत होते. आणि मग माझ्या गुडघ्यावरचा हात घट्ट झाला. आत्याबाई हसत नव्हत्या. माझा खांदा धरून त्या उठून उभ्या राहिल्या.

खोक्यातून परत आलं, "गंऽ". त्या मुलीचा आवाज कोवळा होता, आणि खरखरीमुळे फार लांबून आल्यासारखा वाटत होता. "आले गं, आई."

"आली की," आत्याबाई म्हणाल्या. अगदी हळू, कोणी दारात आल्यावर आपण म्हणतो तशा.

पुढे मामंजींची पाठ मला दिसत होती. एवढ्या हसणाऱ्या माणसांत ती एकच पाठ हलत नव्हती.

घरी येताना कंदील ह्यांच्या हातात होता. आत्याबाई सारखं मागे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला पिंपळीला डबा घेऊन यायला सांगितलं, आणि उसाच्या बांधावर बसून सगळं सांगितलं. त्यांना एक धाकटी बहीण होती. सात वर्षांची असताना तिने आईच्या केसांचा आकडा पेटीच्या पट्टीत घातला आणि सुराची जीभ मोडली. मामंजींनी मारलं नाही. म्हणाले, "सूर तू मोडलास, आता तूच तो म्हनायचा. मोडनाऱ्यानं भरायचं." तेव्हापासून रोज ती पेटीजवळ मांडी घालून बसायची आणि पांढरी चार आली की म्हणायची, "ग". तिला ही शिक्षा इतकी आवडली की पेटी दुरुस्त करायची नाही म्हणून तिने रडून हट्ट धरला. दोन वर्षांनी ती तापाने गेली. कुठला ताप ते डॉक्टरलाही कळलं नाही.

"मग वर्सभर पेटी बंद व्हती," हे म्हणाले. "एक दिस तुझ्या मामंजींनी काढली. वाजवताना ती पट्टी आली. आमी समदे गप. आन् आतनं आईनं म्हनलं, गं. सूर म्हून म्हनलं का तिला हाक मारली, कुनी इचारलं न्हाय. मग मीबी म्हनायला लागलो."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? नवी नवरी तू. आन् तुझ्याच वयाची असती ती आज."

मी भाकरीचं फडकं घडी करून परत उलगडलं, परत घडी केली. त्या यादीत मी सगळे आवाज लिहिले होते. हा कोणता आवाज आहे ते तेवढं मला माहीत नव्हतं. आठ वर्षं ती बाई रोज संध्याकाळी हाक मारत होती आणि कोणी येत नव्हतं. माझ्या भावाने पोह्यांच्या विनोदासाठी तिला यायला लावलं.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या, आणि त्या एकमेकींना जोडून झाल्या.

पहिली गोष्ट गावात. मामंजी कचेरीत जायला निघाले की कोणीतरी कुठूनतरी "गंऽ" म्हणायचं. लोक वाईट नव्हते, त्यांना ती गंमत आवडली होती. कचेरीतला एक सोबती म्हणाला, "भाऊसाहेब, आज पोहे किती ताटल्या?" मामंजींनी पेटीवर बसणं बंद केलं. संध्याकाळी चहा घेत आणि पाळ्यांचे कागद घेऊन बसत.

दुसरी गोष्ट घरात. पुढच्या बाजारच्या दिवशी आत्याबाई भाजी घ्यायला म्हणून गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी शोधायला गेले तर त्या अडत्याच्या दुकानात, बंद रेडिओसमोर गोणपाटावर बसलेल्या. पिशवी रिकामी. शेठजी अवघडून उभे होते.

"वहिनी, ते एकदाच असतंय. हवंवर येतंय आन् जातंय. परत लागत न्हाय."

"पर ती कुठं ऱ्हाती? मुंबईला?"

"ती म्हंजे नाटकातली पोर. कुनाची तरी असल."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या, "कुनाची तरी असलच."

मी त्यांना घरी आणलं. त्या वेड्या झाल्या नव्हत्या. रेडिओत आपली मुलगी नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. भाकऱ्या मोजून टाकत होत्या, कोंबड्याला शिव्या देत होत्या. पण दिवे लागायच्या वेळेला त्या परसदारी जाऊन उभ्या राहायच्या, दाराला कान लावल्यासारख्या. मी विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाल्या, "बघत न्हाय."

दुकानातली हकीकत मामंजींच्या कानावर गेली. शेठजींनीच सांगितली असणार. पुढच्या रविवारी त्यांनी पेटी धोतराच्या पानात बांधली आणि सर्व्हिस मोटारीने इंदापूरला नेली. बारामतीत दुरुस्तीवाला होता, पण त्याच्याकडे नेली असती तर गावाला आणखी एक विनोद मिळाला असता. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, आणि इतक्या दिवसांनी सतरंजी घातली.

भूप सुरू झाला. सा, रे, आणि मग पांढरी चार वाजली. नवीन पितळेचा, कडक, भरलेला सूर. मी कंदिलाची काच पुसत होते. माझं तोंड अर्धं उघडलं होतं, ते तसंच राहिलं. पेटी पुढे गेली. परत गंधार आला, परत पुरा. कोणाचीही गरज नव्हती.

आत्याबाई हातातलं पीठ न झटकता सोप्यात आल्या.

"नीट झाली का?"

"झाली," मामंजी म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. "आता कुनी हाक मारायला नको."

"मंग मी काय करू?"

मामंजींनी भात्याची कडी लावली. आत्याबाई म्हणाल्या, "पेटी पुरी झाली. आता तिनं यायचं कुठनं?" आणि आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. मग पुढेही जेवणं एक दिवसाआड झालं. भाकरी सगळ्यांना वाढत आणि म्हणत, "माझं झालं." पेटी रोज वाजायची, अगदी व्यवस्थित. मामंजी ती अशी वाजवत, की जणू कचेरीतलं कोणतं तरी रजिस्टर भरत आहेत. आणि आत्याबाई सुकत चालल्या. माझ्यासारख्या मोजणाऱ्या बाईला ते लगेच दिसतं. त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

भूतबित मी मानत नाही. पण त्या महिन्यात त्या घरात एक रिकामी जागा फिरत होती, हे मी मान्य करते. पूर्वी तिला दिवसातून तासभर बसायला ठिकाण होतं. आता तिला कुठे बसावं ते कळत नव्हतं, म्हणून ती सगळीकडे असे: पाण्याच्या हंड्याजवळ, जिन्याखाली, आत्याबाईंच्या पाठीमागे. आम्ही चौघंही एका बाजूने चालायचो.

मी नेहमीप्रमाणे वही काढली. काय मोडलं, कोणी मोडलं, काय करता येईल. पहिल्या दोन्हींची उत्तरं एका ओळीत झाली.

रंगपंचमीला माहेरी गेले. दुसऱ्याच दिवशी आईला सांगून, मामंजींनी पेटी नेली होती त्या दुरुस्तीवाल्याकडे मी गेले. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. म्हातारे चाचा. पेट्या, घड्याळं, शिवणयंत्रं, सगळं तिथे. माझ्या वडिलांना ओळखत.

"चाचा, बारामतीच्या भाऊसाहेबांची पेटी तुम्ही केली ना? मुकी पांढरी चार?"

"व्हय. नवा सूर टाकला. का, बोंबलतोय का?"

"नाही. जुना हवाय."

"मोडका?"

"मोडकाच."

चाचांनी चष्मा कपाळावर सारला. "पोरी, चाळीस वर्सं झाली. लोक हितं सूर बसवाय येत्यात. काढाय आलेली तू पयली."

मी त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "घरातल्या माणसाची तब्येत बिघडलीय, ह्या सुरानं." चाचांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या सासऱ्यानंबी जुना टाकून दिऊ नका म्हनलं व्हतं. ठिवा म्हनलं, नेनार न्हाय पर ठिवा." त्यांनी खण उघडला. त्यात विडीच्या कागदात बांधलेली पितळेची पट्टी होती, बोटाएवढी. मधली जीभ अर्ध्यात तुटलेली.

मग त्यांनी एक उघडी पेटी पुढ्यात घेतली आणि मला शिकवलं. वरचं झाकण कसं काढायचं, आतली फळी कशी उचलायची, सूर दोन बारीक स्क्रूंवर बसलेला असतो तो खालच्या बाजूने कसा सोडवायचा. मी वहीत एकेक पायरी लिहून घेतली. त्यांनी स्वतःचा लहान स्क्रू-ड्रायव्हर दिला.

"हे परत आनून दे. आन् भाता दाबू नको फळी उघडी असताना."

बारामतीला परत आल्यावर एका दुपारी मला संधी मिळाली. मामंजी कचेरीत, हे पिंपळीला, आत्याबाई परसात शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. मी सोप्यात बसून पेटी उघडली. वही समोर होती. नवा सूर सुटला. जुना बसवला. एक स्क्रू हातातून निसटून सतरंजीखाली गेला, तो शोधायला पाव तास गेला. पेटी बंद केली, पट्टी दाबली. वारा आला. झोपेतला सुस्कारा.

संध्याकाळी मामंजी चहा घेऊन बसले. मी स्वैपाकघराच्या दारात उभी होते. स्क्रू-ड्रायव्हर अजून माझ्या कनवटीला खोचलेला होता, काढायचं सुचलं नव्हतं. हे नुकतेच आले होते आणि ओट्यावर पाय धूत होते. आत्याबाई चुलीपाशी.

सा. रे. आणि वारा.

मामंजींचे हात थांबले. त्यांनी परत पट्टी दाबली. परत वारा. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग माझ्या कंबरेकडे.

"मी काढला," मी म्हणाले. "चाचांकडनं जुना आणला. आणि ते पत्र, ते घरातलं सगळं, ते मीच भावाला लिहून कळवलं होतं. मला ठाऊक नव्हतं."

"पत्राचं म्हाईत हाय मला," मामंजी म्हणाले. "दुकानातच कळलं. भाकरी उलटायची तुझ्या भावानं कुठं बघितली व्हती?" त्यांनी भाता ओढला आणि सोडला. "खोटं काय लिवलं न्हाईस तू. पर मोडलंस."

"हो."

"मंग म्हन. ह्या घरात मोडनाऱ्यानं भरायचं असतंय."

त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. सा, रे, वारा. माझ्या तोंडून जो निघाला तो गंधार नव्हता, कुठलाच सूर नव्हता. पण मी म्हटलं, "गंऽ". पेटी पुढे गेली, वळली, परत त्या पट्टीवर आली. आता ओट्यावरून ह्यांचा आवाज आला, पाण्याच्या आवाजातून. तिसऱ्या वेळी आत, चुलीपाशी, एक भाकरी तव्यावर उलटल्याचा आवाज झाला आणि आत्याबाई म्हणाल्या, "गंऽ". हाक मारतात तसंच. लांबवून, शेवटी थोडं वर नेऊन, उत्तरासाठी जागा ठेवून.

मामंजींनी डोळे मिटले आणि वाजवत राहिले. चौथ्या वेळी आम्ही सगळे एकदम म्हणालो.

मला मोजायची सवय आहे. मुद्दाम मोजत नाही, आपोआप मोजलं जातं: वाढलेली ताटं, दोरीवरचे कपडे, खोलीतले आवाज. मामंजी गात नव्हते, त्यांचे ओठ बंद होते, मी समोरच उभी होते. दारात मी, ओट्यावर हे, चुलीपाशी आत्याबाई. तीन.

आत्याबाई त्या रात्री जेवल्या. दोन भाकऱ्या आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी. मी ते वहीत लिहून ठेवलं. खाली लिहिलं, 'स्क्रू-ड्रायव्हर चाचांना परत देणे'. आणि त्याखाली, 'संध्याकाळी गं, तीन माणसं'.

तीन हा आकडा मी विचार करून लिहिला. मी आवाज चार मोजले होते.

पुढे मामंजी असेपर्यंत ती पेटी रोज वाजली आणि आम्ही रोज ते काम केलं. मी परत कधी मोजलं नाही. आत्याबाईंना विचारलंही नाही, कारण त्या आता परसदारी जात नव्हत्या, चुलीपाशीच बसून असायच्या, पाठ भिंतीला लावून, आणि शेजारची पाटाएवढी जागा मोकळी ठेवायच्या. तिथे मी कधी बसले नाही.

पेटी आता माझ्याकडे आहे, शेवटच्या कपाटात. दाराच्या आतल्या कागदावर लिहिलं आहे: पेटी एक, सुस्थितीत. दुरुस्त करू नये.